पिकअपला स्वर्ग दोन इंच उरतो तेव्हा

रायपूरहून दुर्गकडं निघालं आणि खारून नदी ओलांडली, की जिल्हा बदलतो आणि कुम्हारी लागतं. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचं हे गाव. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी तो अजून ‘एनएच सिक्स’च आहे. हाच रस्ता पश्चिमेला राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूरला जातो आणि पुढं अमरावती, अकोला, जळगाव, धुळे करत थेट सुरतेजवळच्या हजिऱ्याला टेकतो. त्यामुळं एमएच ३१, ३५, ३६ अशा पाट्या इथं कुणाला परक्या वाटत नाहीत.

या रस्त्याकडेला उभी असलेली एखादी रिकामी पिकअप मुद्दाम बाजूनं बघा. मागचं वर, पुढचं खाली. गाडी जणू काही शिंगं खाली करून उभी! हौशी मालकाला नेमकं हेच खुपतं. व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखी दमदार गाडी घ्यायची आणि तिनं मान खाली घालून उभं राहायचं? मग पुढून दीड-दोन इंच उचलून गाडी ‘लेव्हल’ केली जाते. फोटोत झकास दिसते. पुढं काय काय होतं, त्याचा हा फेरफटका.

तो उतार कंपनीनं फुकट दिलेला नाही

पिकअप घडवणारा इंजिनिअर रिकाम्या गाडीचा विचार फार करत नाही. त्याच्या डोळ्यासमोर असते भरलेली गाडी. भिलाईकडून येणाऱ्या सळ्या, धमध्याचे टोमॅटो, सिमेंटची पोती, जे असेल ते मागच्या हौद्यात पडतं आणि मागचे पाटे बसतात. तेव्हा कुठं गाडी सपाट होते. म्हणजे रिकामेपणी दिसणारा उतार ही मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे. बोलेरो पिकअपच्या एका मॉडेलच्या तर नावातच १.७ टन हा आकडा आहे. एवढं ओझं पाठीवर घेणाऱ्या गाडीनं रिकामी असताना शेपूट वर ठेवलं, तर तिला नावं का ठेवावीत?

पुढचं आधीच उचलून ठेवलं, की भरल्यावर मागचं बसतं आणि गाडी आभाळाकडं तोंड करते. बाकीच्या तक्रारी तिथून सुरू होतात.

एक इंच घातला, दोन इंच मिळाले

दुकानदार हातात ठेवतो ती चकती जेमतेम इंचभर जाडीची असते, आणि गाडी मात्र दीड-दोन इंच उचलली जाते. यात फसवणूक काही नाही. व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या गाड्यांत पुढं स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक असतात आणि ती जोडी चाकाजवळ नाही, तर खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसते. तिथं इंचभर ढकललं, की चाकापाशी त्याचे दीड ते दोन इंच होतात. तरफेचा शाळेतलाच नियम. पण त्याच तरफेनं प्रत्येक कोनही वाढवून ठेवलेला असतो, हे चकतीच्या पाकिटावर छापत नाहीत.

चकती वर की खाली? दुखणं त्यावर ठरतं

एक चकती शॉकअपच्या डोक्यावर, चासीच्या खाली बसते. हिच्यामुळं गाडी जवळपास पूर्वीइतकीच मऊ चालते, म्हणून मालक खूश असतो. पण चाक आता कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खाली लोंबू शकतं. खड्ड्यात चाक पूर्ण लटकलं, की बॉल जॉइंट त्याच्या टोकाच्या कोनापर्यंत जातो, ब्रेकची होज ताणली जाते, एबीएसची वायरही ताणली जाते. हे सगळं गाडीखाली होतं. सीटवर बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

दुसरी चकती स्प्रिंगच्या आणि तिच्या बैठकीच्या मध्ये घालतात, म्हणजे स्प्रिंग आधीपासून दाबलेली राहते. इथं दुखणं उलटं असतं. शॉकअपची लांबी तेवढीच, पण त्यातली खाली जायची जागा गाडी उचलण्यातच खर्च झालेली. चाकाला वर जायला जशी जागा लागते, तशी खाली जायलाही लागते. ती संपली, की खड्डा आला रे आला, शॉकअप पूर्ण ताणून ‘खाड’ असा आवाज येतो. स्पीडब्रेकर उतरतानाही तेच.

मालक म्हणतो, “स्प्रिंग कडक झाली.” बिलकूल नाही! गाडीचं वजन तेच आहे, त्यामुळं त्या वजनाखाली स्प्रिंग जेवढी दबायची तेवढीच दबते. स्प्रिंग बिचारी होती तशीच आहे. संपली आहे ती खालची जागा.

टायर नागपूरला जाताना आडवाही चालतो

या सगळ्यात महागात पडणारं प्रकरण हेच.

स्टेअरिंगचा टायरॉड साधारण आडवा असावा, अशी आखणी असते. गाडी उचलली की तो तिरका होतो, आणि तिरका झाला की दोन्ही चाकांना थोडं आत किंवा थोडं बाहेर वळवून ठेवतो. कोणत्या बाजूला, ते रॅक एक्सलच्या पुढं आहे की मागं यावर ठरतं. हा ‘टो’. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची कुणाला पर्वा नसते.

आता हिशेब बघा. टायरचा व्यास सुमारे ७०० मिलिमीटर धरा. त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फक्त ३ मिलिमीटरचा फरक पडला, तर दर किलोमीटरला ते चाक चार मीटरहून जास्त अंतर बाजूला सरकू पाहतं. जोडीदार चाक विरुद्ध दिशेला सरकू पाहतं. गाडी जाते सरळच, म्हणजे दोघांचं हे भांडण रबर घासूनच मिटतं. कुम्हारीहून नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथं पोचेपर्यंत टायर किलोमीटरभराहून जास्त आडवा घासलेला असतो. तीन मिलिमीटर म्हणजे किती? दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढे.

साकोली-भंडाऱ्याकडच्या गॅरेजात मग हा संवाद ठरलेला:

“दादा, गाडी डावीकडं ओढून रायली.”

“टायर पायला का, भाऊ? आतून खाऊन रायली न थे!”

टायर ‘पाहायचा’ म्हणजे हातानं. गाडी थंड असताना, चाक पूर्ण वळवून, तळवा टायरच्या रुंदीवर एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवायचा. टो बिघडला असेल तर एका दिशेनं रबर गुळगुळीत लागतं आणि परतताना प्रत्येक पट्टीची कड बोटांना टोचते. डोळ्यांना नवाकोरा दिसणारा टायर बोटांना खरं सांगतो. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा झिजतो. पण ही एकाच दिशेनं टोचणारी धार आली, की समजायचं, टोचंच काम आहे.

उंची बदलली की अलाइनमेंट करायलाच हवं, आणि काही शे किलोमीटर चालवून सगळं बसल्यावर पुन्हा एकदा. “अलाइनमेंट केलं होतं की,” असं सांगणाऱ्याला विचारून बघा, उचलायच्या आधी की नंतर? आधी केलं असेल, तर ते पैसे टायर बघता बघता खाऊन टाकतो.

ही डोकेदुखी टायरच्याही आधीची

वळताना चाकं घासू नयेत म्हणून आतल्या आणि बाहेरच्या चाकानं वेगवेगळ्या कोनात वळायला हवं, ही युक्ती म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पर्गर यांनी घोडागाडीसाठी १८१७ च्या सुमारास काढली. लंडनमध्ये १८१८ साली पेटंट मात्र निघालं रुडॉल्फ आकरमान यांच्या नावावर, आणि हे गृहस्थ पेशानं पुस्तकं-चित्रं छापणारे! आज जगभर ती आखणी आकरमान यांच्याच नावानं चालते. डनलॉपचा हवेचा टायर यायला तेव्हा सत्तर वर्षं होती.

पाट्यांचा जन्म याहून जुना. इंग्लंडच्या ओबाडाया इलियट यांनी घोडागाडीसाठी कमानदार पाट्यांचं पेटंट १८०४ मध्ये घेतलं. सव्वादोनशे वर्षं होत आली, पिकअपच्या मागं अजून पाटेच आहेत.

ग्रीस अधिक मुरूम

दुर्ग जिल्ह्यात मुरमाला तोटा नाही, आणि मुरमाच्या धुळीला तर त्याहून नाही. फोर बाय फोर पिकअपमध्ये पुढच्या चाकांकडं जाणाऱ्या एक्सलच्या टोकाला एक सांधा असतो. त्यात पोलादी गोळ्या, त्यावर ग्रीस आणि त्यावर रबरी बूट. गाडी उचलली की हा सांधा सरळ रस्त्यावरही कायम वाकलेला राहतो. बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि एक दिवस बूट फाटतो. ग्रीस बाहेर, धूळ आत. ग्रीसमध्ये बारीक मुरूम कालवला, की जे तयार होतं त्यानं धातूला पॉलिश करता येईल. इथं ते पॉलिश नको तिथं होतं.

खूण सोपी. रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसले, तर बूट गेला. पूर्ण वळवून गाडी हळू पुढं घेताना ‘टक टक टक’ ऐकू आलं, तर सांधाही गेला. फोर बाय टू गाडीत पुढच्या चाकांना फिरवणारा एक्सलच नसतो, त्यामुळं तो मालक या एका खर्चातून सुटतो. बॉल जॉइंटच्या खर्चातून तोही सुटत नाही.

समोरच्याच्या डोळ्यांत बोट

हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३,०८५ मिलिमीटर. पुढून ५० मिलिमीटर उचलली, तर गाडी जेमतेम एका अंशानं मागं कलते. एक अंश म्हणजे काय मोठं? पण हेडलाइट त्याच गाडीला जोडलेले आहेत. लो बीमचा झोत साधारण एक ते दीड टक्का खाली झुकवलेला असतो, आणि या उचलण्यानं तो दीड टक्क्याहून थोडा जास्तच वर जातो. म्हणजे सगळा झुकाव संपला! पंचवीस मीटरवर झोत चाळीस सेंटिमीटरहून जास्त वर चढलेला असतो. मालक समजतो लो बीम आहे, आणि समोरून येणारा मोटरसायकलवाला आईवरून शिव्या घालतो.

यावर उपाय फुकट आहे, निदान रिकाम्या गाडीपुरता. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर हेडलाइट खाली करायची छोटी चकरी असते, ० पासून पुढं आकडे असलेली. ती असते भरलेल्या गाडीसाठी. ती आधीच शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवली, तर माल भरल्यावर फिरवायला काही उरत नाही. खरं काम हेडलाइटच्या मागच्या स्क्रूनं, भिंतीसमोर गाडी उभी करून करायचं असतं.

सुमोचं नाक

टाटांची पहिली पिकअप, टाटामोबाईल २०६, पुण्याच्या टेल्कोतून १९८८ मध्ये आली. मागाहून १९९४ मध्ये आली सुमो. टेल्कोचे प्रमुख राहिलेले सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं, हे महाराष्ट्रात बहुतेकांना पाठ आहे. सुमोच्या पोटाखालची गंमत मात्र कमी जणांना माहीत असते. तिच्या पुढच्या चाकांना गोल स्प्रिंग नव्हतीच. होता टॉर्शन बार, म्हणजे लांब पोलादी दांडा. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो आणि पीळ सोडताना चाकाला खाली ढकलतो.

अशा गाडीला लेव्हल करायला चकतीही लागत नाही. दांड्याच्या टोकाला उंची जुळवायचा बोल्ट असतो. तो असतो दांडा बसल्यावर गाडी पूर्वीच्या उंचीला आणण्यासाठी. पण पाना हातात आला की माणसाला मोह आवरत नाही. चार आटे फिरवले, नाक वर. पैसा शून्य, पंधरा मिनिटांचं काम. नंतर महिनाभरात “गाडी आपटते” म्हणून तोच माणूस शॉकअप बदलून घेतो आणि नवे शॉकअपही आपटतात, कारण वरचा आर्म त्याच्या रबरी ठोकळ्याला टेकलेलाच असतो. दोष शॉकअपला, करणी पान्याची.

आपल्याकडं हौस पुढची, धंदा मागचा

खरं सांगायचं तर महामार्ग ५३ वर पुढून उचललेल्या गाड्या थोड्या. धंद्याच्या गाडीत उचलतात ते मागचं. “एक पाटा वाढवून दे,” ही फर्माईश कमानी-पाट्याच्या कोणत्याही दुकानाला नवी नाही. ओव्हरलोड सोसावा म्हणून जादा पाटे घालतात, आणि रिकामी असताना गाडी आणखीच नाकावर येते. मला विचाराल तर हौशी मालकाच्या दोन इंचांपेक्षा हे जास्त धोक्याचं. कारणं दोन.

एक, मागचं उचललं की पुढच्या चाकांचा सगळा कणा पुढं कलतो. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपण सोडलं की आपोआप सरळ होतं ना, तो गुण या कलण्यानं कमी होतो. गाडी सरळ रस्त्यावर भिरभिरते, ड्रायव्हर दिवसभर बारीक बारीक स्टेअरिंग मारत राहतो आणि संध्याकाळी खांदे दुखतात म्हणून कुरकुरतो.

दुसरं कारण अजून बेरकी आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीकडं एक काडी जाते आणि एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. एलएसपीव्ही म्हणतात त्याला. काम साधं: मागचं बसलं म्हणजे माल आहे, तर मागच्या ब्रेकला जोर जास्त द्यायचा, मागचं वर आहे म्हणजे गाडी रिकामी आहे, तर चाक लॉक होऊ नये म्हणून जोर कमी. आता जादा पाट्यांमुळं दोन टन भरूनही मागचं बसलंच नाही, तर व्हॉल्व्ह काय समजणार? गाडी रिकामी! ओझं पूर्ण आणि मागचा ब्रेक अर्धपोटी. पाटे वाढवल्यावर ती काडी पुन्हा जुळवावी लागते. किती जण जुळवतात, ते टेकडीच्या उतारावर कळतं.

बंडीवाल्याला हे ठाऊक होतं

विदर्भातला बंडी हाकणारा माणूस पोती भरताना एकदा मागं, एकदा पुढं करून बघायचा. माल मागं गेला की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पिकअपचंही अगदी तसंच आहे, फक्त ती बैलासारखी हंबरत नाही. सळ्या कारखान्यातून साधारण १२ मीटर लांबीच्या येतात. मधून वाकवल्या तरी हौद्याच्या मागं लोंबतातच. मागच्या एक्सलच्या मागं एक मीटरवर ३०० किलो लटकले आणि दोन चाकांतलं अंतर तीन मीटर असलं, तर पुढच्या चाकांवरचे १०० किलो गायब होतात. स्टेअरिंग मग लोण्यासारखं हलकं लागतं आणि ड्रायव्हर म्हणतो, गाडी काय मस्त चालतेय!

मोठे टायर, छोटं खोटं

लेव्हल करणाऱ्याचा खरा डाव बहुधा मोठे टायर बसवायचा असतो. टायरचा व्यास पाच टक्के वाढला, की स्पीडोमीटरनं धरलेले ८० म्हणजे चाकांचे ८४. किलोमीटरही तितकेच कमी मोजले जातात, म्हणून सर्व्हिसिंग लांबते आणि ॲव्हरेज पडल्यासारखं दिसतं. थोडं पडतंही, कारण जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त ताकद लागते. शिवाय पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या मडगार्डला घासतो तो घासतोच.

कॅरोलिनाची बसकी गाडी

पिकअपचं माहेर अमेरिका. फोर्डनं मॉडेल टीची कारखान्यात तयार झालेली पिकअप एप्रिल १९२५ मध्ये विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. शंभर वर्षं व्हायच्या आतच त्याच देशात पोरांनी फॅशन काढली ती पुढून भरपूर उचलायची आणि मागून बसवायची. नाव पडलं ‘कॅरोलिना स्क्वॉट’. ड्रायव्हरला बॉनेटपलीकडचा रस्ताच दिसेना, म्हणून नॉर्थ कॅरोलिना राज्यानं १ डिसेंबर २०२१ पासून कायदा लागू केला. पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून वर असेल, तर गुन्हा. वर्षभरात तिसऱ्यांदा सापडलात, तर किमान एक वर्ष लायसन्स जप्त. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिनानंही पाठोपाठ बंदी घातली.

आणि आपला आरटीओ

आपल्याकडं इंच मोजायची गरजच ठेवलेली नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी तपासून पास होते ती कंपनीच्या उंचीला. गॅरेजातली चकती त्या तपासणीत नसते. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर खाली वाकून बघतो, तेव्हा ती पहिली दिसते.

२०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवलं आहे. ‘दर बदलामागं’ हे शब्द नीट वाचावेत. डाव्या चाकावरची चकती आणि उजव्या चाकावरची चकती मिळून बदल एक की दोन, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. फक्त तो साहेबांनी पावतीपुस्तक उघडायच्या आधी घालावा.